ध्रुव आणि समुद्र यांची गाठ पडू देऊ नका

ज्यांना शांत झोप प्रिय आहे, त्या वाचकांनी एक पथ्य कसोशीने पाळावे: ध्रुवावरच्या बर्फाची आणि तापलेल्या समुद्राची बातमी एकाच दिवशी वाचू नये. १९७९पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, हे सोमवारी वाचावे. २०१३च्या अखेरीपासून २०१६पर्यंत ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा प्रचंड पसारा ठाण मांडून बसला होता, हे शुक्रवारी वाचावे. निक बाँड या हवामानतज्ज्ञांनी त्याला ‘ब्लॉब’ हे गमतीदार नाव दिले आहेच. तेव्हा गंमत म्हणूनच ते सोडून द्यावे. पाणी काही ठिकाणी सरासरीपेक्षा अडीच अंशांहून अधिक तापले होते म्हणे. आपली आंघोळीची बादली याहून कितीतरी अधिक तापते, असे म्हणावे. बादलीत कॉड मासे राहत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एखादा चिकाटीचा गृहस्थ तरीही समजावू लागेल की, पांढरे बर्फ ऊन परतवते आणि ते वितळल्यावर उघडे पडलेले काळसर पाणी तेच ऊन पिऊन घेते. ध्रुव असा तापला की त्याच्या आणि दक्षिणेकडच्या प्रदेशांच्या तापमानातला फरक घटतो, पश्चिमी वारे मंदावतात, उच्च दाबाचा पट्टा एकाच जागी मुक्काम ठोकतो, आणि समुद्र घुसळायला वाराच न उरल्याने खालचे गार पाणी वर येत नाही. त्याला ‘शास्त्रज्ञांतच एकमत नाही’ असे ऐकवावे. मतभेद या साखळीतला प्रत्येक दुवा किती बळकट आहे आणि उष्ण कटिबंधाचा त्यात वाटा किती आहे, यावर आहेत. ध्रुव तापतो आहे यावर नाहीत. हा खुलासा मात्र आपण होऊन करू नये.

अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्राचा विषय निघाल्यास अधिक सावध राहावे. २०१८च्या हिवाळ्यात तिथले बर्फ नोंदींतल्या नीचांकाला गेले आणि त्या बर्फामुळे तळाशी टिकणारे, दोन अंशांहून गार असे पाणी जवळजवळ नाहीसे झाले. कोवळे हिमखेकडे याच गारव्यात वाढतात. गरम पाण्यात त्यांची भूक वाढली, अन्न मात्र वाढले नाही, आणि सुमारे १० अब्ज खेकडे दिसेनासे झाले. २०२२मध्ये अलास्काने त्यांच्या मासेमारीचा हंगाम प्रथमच रद्द केला. ‘उत्तरेकडे गेले असतील’ असे म्हणून पाहावे. उपासमारीपेक्षा स्थलांतर हा शब्द कानाला बरा वाटतो. ‘ब्लॉब’च्या काळात अलास्कातले ‘मर’ (murre) नावाचे सुमारे ४० लाख समुद्रपक्षी, म्हणजे तिथले जवळजवळ निम्मे, मेले, त्यांना मात्र स्थलांतरित म्हणता येणार नाही, कारण हजारो मृतदेह किनाऱ्यांवर सापडले.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि कोणा अविचारी माणसाने हे दोन शब्द एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसवले आहेत. तिथून जाताना मोबाइलमध्ये पाहावे.