आईची सही पुरत नाही म्हणे!

आज तिसऱ्यांदा फॉर्म परत आला. लेकीच्या नावाने म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक सुरू करायचीय, एवढंच काम. पालक म्हणून माझं नाव, माझं पॅन, माझं केवायसी, तिचा जन्मदाखला, सगळं जोडलंय. समोरचा माणूस कागद उलटेपालटे करतो आणि विचारतो, "मिस्टरांची सही कुठाय?"

का हवी त्यांची सही? फॉर्मवर छापलंय, पालक आई किंवा वडील. 'किंवा' कळत नाही? मायनरच्या फोलिओत, म्हणजे फंडातल्या खात्यात, जॉइंट होल्डर चालतच नाही, पालकही एकच. मग दुसरी सही करायची कुठल्या रकान्यात? त्यावर उत्तर काय, तर "साहेब पास करत नाहीत."

जन्मदाखल्यावर दवाखान्याने परस्पर माझ्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव लावलं, पॅनवर माझं स्वतःचं आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. तो कागदांचा घोळ होता, मान्य. पण सहीचं काय?

संताप येतो तो याचा, की हे भांडण आधीच लढून झालंय. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. का, तर हिंदूंच्या पालकत्वाबद्दलच्या १९५६ च्या कायद्यात लिहिलंय, नैसर्गिक पालक वडील 'आणि त्यांच्यानंतर' आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही. तरी तो शब्द कायद्यात तसाच राहिला, आणि तोच या लोकांच्या डोक्यात बसलाय. फंडाच्या फॉर्मवर तर तसली अटही नाही!

आणि भीती कसली वाटते यांना? म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये पालकाच्या खात्यातून पैसे भरायची मुभा दिली, पण युनिट विकल्यावर रक्कम मुलाच्याच खात्यात किंवा मुलासोबतच्या जॉइंट खात्यात जाते. चांगला नियम आहे. पोरीचे पैसे मी घेऊन पळेन, असं वाटतं का? पगार माझा, बचत माझी, रजा टाकून खेटे घालतेय मी. हाच फॉर्म नवऱ्याने एकट्याने भरला असता, तर "मिसेसची सही आणा" म्हणाले असते? एकदा तरी?

सोमवारी परत जाणारे. सही आणणार नाही. फॉर्म नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या, शिक्का मारून द्या. ते हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.