जयगडचं गॅसजहाज आणि आपला सिलिंडर: खुलासा

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: जयगडला प्रचंड दाबाखाली गॅस भरलेलं जहाज उभं आहे, आपले सिलिंडर त्यातूनच भरतात, आणि ते फुटलं तर आंबा घाटापर्यंत काही उरणार नाही.

'होएग जायंट' नावाचं जहाज एप्रिल २०२१ मध्ये जयगडला आलं होतं, एवढं खरं. पण ते नंतर तिथून गेलंही. म्हणजे मेसेज शिळाच आहे.

दाबाचं म्हणाल तर अशा जहाजात नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवतात. टाकीतला दाब हवेच्या दाबापेक्षा जेमतेम जास्त असतो; आकारमान सहाशेपट घटतं ते थंडीमुळे. जहाजावरच, बहुधा समुद्राच्या पाण्याच्या उष्णतेवर, त्याचा पुन्हा वायू करून तो पाइपलाइनीत सोडतात.

गळती झाली तर धोका आहेच, तो नाकारायचं कारण नाही. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की हा वायू पेट घेतो. पण जयगड इथून शंभर किलोमीटरहून लांब!

आणि सिलिंडरात असतो प्रोपेन-ब्युटेन. जहाजातला मुख्यतः मिथेन. तो घरी येतो पाइपनं.