दोन ओळींची तर गंमत आहे!

वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी विचित्र बातम्यांची एक चौकट असते. 'जगावेगळं', 'अजब-गजब', नाव काहीही द्या. युद्ध आणि निवडणुकांवर लिहायला माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात; ही चौकट मात्र जो रिकामा दिसेल त्याच्या गळ्यात पडते. 'दोन ओळींची तर गंमत आहे, टाक पटकन.' असं म्हणणाऱ्याने ती जन्मात भरलेली नसते.

पहिलं दुखणं तारखेचं. विचित्र बातमी म्हातारी होत नाही, नुसती तिची तारीख गळून पडते. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्सच्या किनाऱ्याला ४५ फुटी मेलेला देवमासा लागला. रस्तेखात्याने त्याला अर्धा टन डायनामाइट लावलं. हिशोब असा, की तुकडे समुद्राकडे उडतील आणि उरलंसुरलं पक्षी फस्त करतील. तुकडे आले ते बघ्यांच्या अंगावर. चरबीचा एक गोळा तर पाव मैलावर उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर बसला आणि टप चेपला. पक्षी स्फोटाच्या आवाजाने केव्हाच पसार. ही गोष्ट १२ नोव्हेंबर १९७०ची. पुढे नव्वदच्या दशकात तोच मजकूर तारखेवाचून संगणकांवर फिरू लागला आणि त्या खात्याला वीस वर्षं जुन्या माशासाठी फोन येऊ लागले. म्हणून 'नुकतंच' हा शब्द दिसला की मी तो आधी खोडतो आणि गावाच्या नावाने शोधतो. गावाचंच नाव नसेल तर मजकूर थेट टोपलीत.

दुसरं, बातमीचं मूळ. 'असं वृत्त अमक्याने दिलं', त्याला तमक्याने दिलं, असं मागे मागे जात शेवटी पोलीस, कोर्ट, नगरपालिका नाहीतर तिथलं छोटं पत्र यांच्यापाशी पोचायला हवं. २०१२ मध्ये चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने उत्तर कोरियाचे किम जोंग-उन जगातले सर्वांत मादक पुरुष ठरल्याचं ५५ छायाचित्रांसह झळकवलं. साखळीचं टोक होतं 'द अनियन'. हे अमेरिकेतलं विनोदी पत्र, गंमत म्हणून रचलेल्या खोट्या बातम्यांवरच चालतं.

बरं, अशक्य वाटलं म्हणून खोटं म्हणावं, तर तसंही नाही. २०२१ मध्ये बेल्जियमच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या आड येणारा दगड उचलून २.२९ मीटर पलीकडे ठेवला. दगडावर १८१९ कोरलेलं. तो फ्रान्सच्या सरहद्दीचा. बेल्जियम वाढला, फ्रान्स घटला, तोही बांध कोरण्याच्या हिशोबात. ही बातमी तर दशांशासकट खरी!

आकड्यांवर मात्र डोळा ठेवावा, विशेषतः ते फार गोंडस असतील तर. १९३२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाचं नुकसान करणाऱ्या सुमारे २०,००० एमूंवर दोन लुईस मशीनगन आणि १०,००० गोळ्या घेऊन सैनिक धाडले. पक्षी पांगायचे, ट्रकवर मशीनगन चढवली तर खड्ड्यांमुळे नेम धरता येईना. मोहिमेचे प्रमुख मेजर मेरिडिथ यांचा दावा: ९,८६० गोळ्या, ९८६ एमू. भागून बघा. पक्ष्याला बरोब्बर दहा, वर बाकी शून्य. असा हिशोब रणांगणावर जमत नसतो, तो टेबलावर जमतो. छापायचाच तर 'दावा' हा शब्द लावून छापावा. जागा वाचवायला कुणीतरी हमखास तोच शब्द उडवतं.

नावांचा जाच वेगळाच. स्वीडनमध्ये १९६६ पासून दर नाताळाला चौकात सुमारे १३ मीटर उंचीचा गवती बोकड उभारतात आणि बऱ्याचदा कुणीतरी तो चोरून जाळतं. गावाच्या नावाचा उच्चार 'येव्ले'. तसं लिहावं तर वाचकाला आडनाव वाटतं, रोमन अक्षरांवरून 'गाव्हले' करावं तर चूक. २००५ मध्ये सांताक्लॉजच्या वेशातल्या माणसाने पेटता बाण मारला. २०२३ मध्ये गवतात दाणे राहिले म्हणून कावळ्याच्या भाऊबंदांनी तो टोचून टोचून खाल्ला. एवढं सगळं शंभर शब्दांत बसवायचं, आणि त्यात येव्ले कोण हेही सांगायचं.

पण खरी कसोटी प्राण्यांची. एप्रिल २०१६ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका जनावराने ६६,००० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला तोंड लावलं आणि कण एकमेकांवर आदळवणारं २७ किलोमीटरचं महायंत्र बंद पडलं. पहिल्या दिवशी इंग्रजी बातम्यांत ते 'वीझल' होतं. मराठीत त्याला रोजच्या वापरातला शब्द नाही, म्हणून हात आपोआप 'मुंगूस' लिहितो. मुंगसाचं तर कुळच वेगळं. नंतर कळलं, ते बहुधा मार्टन. त्यालाही शब्द नाही. 'मुंगसासारखा दिसणारा मार्टन' लिहावं तर चौकटीची एक ओळ त्यातच खर्च. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या मार्टनने तसाच पराक्रम केला. पहिल्याचं कलेवर टाकून दिलेलं होतं, म्हणून पेंढा भरून रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेला तो हा दुसरा. तेव्हा एप्रिलच्या बातमीशेजारी केस जळालेल्या मार्टनचा फोटो आला, तर ओळ लिहिण्याआधी थांबावं. तो पहिल्याचा नाही.