ड्रायव्हरला नाव ठेवताना

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नवा डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा प्रोग्राम, लिहिण्याचे पुण्यकर्म आपण हाती घेतले असेल, तर नावाचा विचार अगदी शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवावा, आणि तेव्हाही डोके न शिणवता जवळच्या नमुन्यातून 'सेन्सर' किंवा 'टेस्ट' असे सुटसुटीत नाव उचलावे. ते कोणी आधी घेतले आहे का, हे पाहण्यासाठी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्स कोडवर एकदा ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञा चालवावी लागते. एवढा वेळ आपल्यासारख्या कामाच्या माणसाकडे कुठून असणार?

कर्नल मात्र जुन्या वळणाचा आहे. एका बसवर, म्हणजे उपकरणे जोडण्याच्या एका मार्गावर, एका नावाचा एकच ड्रायव्हर तो नोंदवतो आणि दुसरा आला की 'ऑलरेडी रजिस्टर्ड' असे लॉगमध्ये लिहून त्याला दारातूनच परत पाठवतो. पीसीआय आणि यूएसबी या दोन वेगळ्या बसवर एकाच नावाचे दोघे नांदू शकतात, जसे शेजारच्या दोन वाड्यांत दोन बंड्या असतात. पण मॉड्यूलच्या, म्हणजे ड्रायव्हर ज्या रूपात कर्नलमध्ये भरला जातो त्या फाइलच्या, नावाला ही सवलत नाही. अशा वेळी अंडरस्कोअर काढून तिथे डॅश घालण्याची युक्ती अवश्य करावी. लिनक्सच्या लेखी मॉड्यूलच्या नावातील ही दोन्ही चिन्हे एकच असल्यामुळे आपल्याला 'फाइल एक्झिस्ट्स' असा निरोप मिळेल आणि जिचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही, अशी कुठली तरी फाइल शोधण्यात दुपार सत्कारणी लागेल.

याहून खानदानी उपाय म्हणजे आपले मॉड्यूल मूळ ड्रायव्हरच्याच नावाने 'अपडेट्स' या फोल्डरमध्ये ठेवून देणे. मॉड्यूलांची यादी बनवणारा डेपमॉड साधारणपणे तो फोल्डर आधी पाहतो, त्यामुळे मूळ ड्रायव्हर डिस्कवर जागच्या जागी असतो, पण हाक मारली की ओ देतो तो आपला. पुढे यंत्र बंद पडले की तक्रारी मूळ लेखकाकडे जातात. नाव आपण ठेवावे आणि नावे त्याला ठेवली जावीत, हा योग सहसा जुळून येत नाही.

नेटवर्क कार्डांबाबत २०१३ साली सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्स सुरू होताना बाकीची कामे मार्गी लावणाऱ्या प्रोग्रामच्या, १९७व्या आवृत्तीने या मौजेवर पाणी टाकले. तोवर दोन कार्डांपैकी ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होई तो 'ईटीएच०', आणि फायरवॉलचे नियम कोणत्या कार्डाला लागले हे प्रत्येक रीस्टार्टला नव्याने कळे. आता कार्ड ज्या खाचेत बसवले आहे तिच्यावरून 'ईएनपी३एस०' असे रुक्ष, पण न बदलणारे नाव मिळते. आपण खचून न जाता यंत्र सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या बूटच्या ओळीत 'नेट.आयएफनेम्स=०' लिहून जुने दिवस परत आणावेत. सर्व्हर दुसऱ्या गावात असेल तर फारच उत्तम. शुक्रवारी संध्याकाळी दुरूनच रीस्टार्ट द्यावा, दहा मिनिटे वाट पाहावी आणि मग तिथल्या रखवालदाराला फोन करून पडद्यावर काय दिसते ते वाचायला सांगावे.

"ई, टी, एच... आणि पुढं शून्य आहे का ओ आहे, साहेब?"