ठणठणीत राहायचंय? मग एवढं कराच

तब्येत राखणं ही डॉक्टरांची मक्तेदारी आहे असं कोणी सांगितलं? साडेपाच वर्षं एमबीबीएस, वर तीन वर्षं एमडी, एवढं घासूनही त्या बापड्यांना जे कळत नाही ते आपल्या सोसायटीच्या कट्ट्यावर सकाळी साडेसहाला फुकट मिळतं. मागच्या महिन्यात एका लग्नात या ज्ञानाचा भरपेट प्रसाद मला मिळाला. तो एकटीने खाणं बरं नव्हे, म्हणून हे चार सल्ले. लग्नाचं पुढे येईलच.

दिवसाची सुरुवात मोबाईलने करा. चूळ नंतर भरा. 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी सुरुवात असलेला मेसेज वेदवाक्य समजा. मग त्यात लिहिलेलं सगळं करा आणि सगळं उपाशीपोटी करा: मेथ्यांचं पाणी, जिऱ्याचं पाणी, कोमट पाण्यात मध-लिंबू, लसणाची पाकळी, चमचाभर तूप आणि वर पेलाभर दुधीचा रस. पहिल्या पेल्यानंतर पोट उपाशी कसं राहतं, असले फाटे फोडू नका. दुधी कडू निघाला तर उत्तमच, कडू तेवढं गुणकारी, नाक दाबून प्या. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, त्याने उलट्या होतात, रक्त पडतं, बीपी कोसळतं, माणसं दगावलीही आहेत, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नका असं बजावलंय. पण समितीवाले आपल्या ग्रुपवर थोडेच आहेत? माझी चौथी शिकलेली आजी दुधी चिरण्याआधी एक फोड जिभेवर ठेवून बघायची. तिच्याकडे स्मार्टफोन नव्हता, म्हणून तिचं असं मागासलेपण राहिलं.

चाला. दहा हजार पावलं म्हणजे दहा हजार. हा आकडा कुठल्या संशोधनातून आला नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना त्याची जाहिरात झाली, तेव्हापासून तो जगभर चालतोय. त्याहून कमी चालण्यानेही फायदा होतो, पण मग घड्याळावर फटाके उडत नाहीत. रात्री अकराला तीनशे पावलं कमी पडली तर हॉलमध्ये उभं राहून नुसता हात हलवा, घड्याळाला कळत नाही. सकाळच्या चालण्यानंतर मात्र मिसळ हवीच. तर्री वेगळी मागवा, पाव अजून एक जोडी. चाललोय ना, जिरेल.

जिमची वर्षाची फी १ जानेवारीला भरा. व्यायाम झाला.

साखर आजपासून बंद आणि गूळ चालू. रस्त्यारस्त्यावर गुळाचा चहा मिळतो, तो दिवसातून पाच वेळा प्या, कारण गुळाने शुगर वाढत नाही असं टपरीच्या फलकावरच लिहिलेलं असतं. गुळातही बहुतांश तेच सुक्रोज, म्हणजे साखरच. रक्तात शिरल्यावर गूळ काही 'मी सेंद्रिय आहे' म्हणून रांगेत मागे उभा राहत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. त्या सगळ्यांना गुळाचा शोध लागलेला नसावा.

मिठाचंही तसंच. 'मी वरून मीठ घेतच नाही हो' असं डॉक्टरांना छाती पुढे काढून सांगा. लोणचं, पापड, खारी, फरसाण, शेंगदाण्याची चटणी, ताकातलं मीठ हे सगळं आतून येतं, त्यामुळे ते मोजायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. लोणच्याच्या दोन फोडींना कोण चमचा लावतंय? फारच मनाला लागलं तर गुलाबी सैंधव आणा. तेही सोडियम क्लोराईडच, पण महाग असल्यामुळे गुण येत असणार.

आता मुख्य सल्ला. बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद करा.

लगेच करा. गोळी चालू आहे म्हणून बीपी नॉर्मल आलं, ही शंका मनाला शिवू देऊ नका. माझ्या मामांनी शिवू दिली नाही. मामा म्हणजे हिशेबाला चोख माणूस, आयुष्यभर सरकारी कचेरीत ताळेबंद जुळवले, आठ आण्यांचा फरक लागला तर झोप यायची नाही. देवळातल्या मोफत शिबिरात त्यांचं बीपी १२८/८२ आलं. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, 'मग कशाला उगाच गोळ्या? सवय लागते.' ताळेबंद जुळला. मामी रोज रात्री वाटीत गोळी काढून ठेवत होत्या आणि मामा ती रोज रात्री गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत सारत होते. तुळशीचं बीपी आज अत्यंत नियंत्रणात असेल.

तर लग्न. अक्षता पडल्या, माणसं जेवायला धावली, मामा ताट घेऊन रांगेत उभे आणि त्यांच्या जिलेबीवर टपकन रक्त पडलं. घोळणा फुटला. क्षणात अख्खा हॉल वैद्य झाला. एक म्हणाले उष्णता. एका काकूंनी केटररकडून कांदा फोडून आणून नाकाला लावला. कोणी डोक्यावर पाणी थापलं, कोणी मान मागे करून धरली. मान मागे केली की रक्त घशात उतरतं. माणसाला बसवून पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा, तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं. पण हे फारच साधं आहे, कांद्यासारखा वास नाही त्याला. कोणीतरी दृष्ट काढायचंही सुचवलं. एवढ्या माणसांत 'बीपी बघा' हे दोन शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत.

कॅज्युअल्टीत बीपी २१० वर निघालं. मी काठापदराच्या साडीत, केसात गजरा, हातात मामांची चप्पल. तिथला तरुण डॉक्टर शांतपणे विचारत होता, 'आजोबा, गोळ्या कोणत्या चालू आहेत?' आणि मामा, नाकात बोळा, तरीही रुबाबात म्हणाले, 'एक पांढरी. छोटी.'

'आणि?'

'आणि आणखी एक पांढरी.'

मेडिकलच्या दुकानात जा आणि मोजा पांढऱ्या छोट्या गोळ्या किती आहेत ते. मामींनी शेजारणीला फोन करून डब्यातलं पाकीट बघायला सांगितलं. शेजारीण भली, तिने फोटो पाठवला. त्या पाकिटाची नाव छापलेली बाजू आधीच कापून टाकलेली, उरलेल्या कोपऱ्यावर फक्त 'टॅब्लेट्स आयपी' आणि अर्धवट एक्सपायरी. मग मामांची फाईल आली. फाईल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी. तीत लाईटबिल होतं, कुणाच्यातरी गुडघ्याचा एक्स-रे होता, आणि घडीत जपून ठेवलेला ईसीजी, पूर्ण कोरा. तो कागद उष्णतेने छापतात, काही वर्षांत उडून जातो, झेरॉक्स काढून ठेवावी लागते. आयुष्यभर व्हाउचरला व्हाउचर लावणारा माणूस हा! घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या कव्हरात, अनुक्रमांकासह. आणि स्वतःच्या हृदयाचा कागद साडीच्या पिशवीत.

वर सगळ्यात मोठी मौज पुढेच. 'गोळ्या नियमित चालू आहेत ना?' या प्रश्नावर मामा म्हणाले 'हो'. डॉक्टरच्या डोळ्यांत बघून. म्हणजे डॉक्टरने काय समजायचं? गोळ्या चालू असूनही बीपी एवढं चढतंय, म्हणजे औषध पुरत नाही, वाढवा. तुळशीचा हिशेब रात्री उशिरा बाहेर आला, तोवर दोन डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून झाल्या होत्या. ज्या माणसाला फी देऊन जीव वाचवायला सांगतो त्यालाच खोटं सांगायचं, ही अक्कल कुठल्या ग्रुपवर मिळते?

'मला कळतं ना बीपी वाढलं की. डोकं जड होतं.' नाही कळत. १४०/९० च्या वर वर्षानुवर्षं राहिलं तरी बहुतेकांना काही होत नाही, आणि त्या काही न होण्याच्या काळातच मेंदूच्या, डोळ्यांच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. 'गोळ्यांनी किडनी जाते.' बीपीने जाते हो किडनी! आणि गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून रोज खाता त्या दुखण्याच्या गोळ्यांनी जाते. त्यांनी बीपीही वाढतं. त्यांची सवय लागत नाही वाटतं? तंबाखूची चालते, दुपारच्या चहाची चालते. बीपीची गोळी तेवढी व्यसन.

बरं. चिडून चालणार नाही, पुढचे सल्ले राहिलेत.

अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स ही कंपन्यांची लूट आहे, त्यामुळे मेडिकलमध्ये जाऊन 'तीन दिवसांच्या द्या' म्हणा, ताप उतरला की उरलेल्या पुढच्या खेपेला शेजाऱ्याच्या खोकल्यासाठी जपून ठेवा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायला पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती शोभेची समजा. काही अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वहीत लिहायचं असतं, २०१४ पासूनचा नियम आहे. कधी पाहिलीत ती वही? पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेतानाच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या डोसने जंतू मुर्दाड होतील. तो आपल्या मेडिकलवाल्याला ओळखत नव्हता, तरी बरोबर सांगितलं.

रात्री एकपर्यंत मोबाईलवर 'गाढ झोपेचे सात उपाय' बघा.

फुल बॉडी चेकअप मात्र दर दिवाळीला करा, पंच्याहत्तर टक्के सूट असते. आधी आठवडाभर गोड बंद ठेवा, म्हणजे शुगर छान येईल. तरी तो एचबीए१सी नावाचा चोंबडा आकडा रक्तातल्या साखरेचं मागच्या अडीच-तीन महिन्यांचं सगळं सांगून टाकतो, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास त्याला चालत नाही. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात काय आलंय ते डॉक्टरला दाखवू नका. गुगलला दाखवा, घाबरा आणि रिपोर्ट साडीच्या पिशवीत ठेवा.

आणि शेवटचा सल्ला बायकांसाठी: तुम्ही काहीच करू नका. तुम्हाला काही होत नाही.

मामा आयसीयूत होते तेव्हा बाहेर लोखंडी बाकावर कोण होतं? मामी. त्यांच्या मुलीने रजा टाकली, मुलाने पुण्याहून गाडी काढली आणि मामी तिथेच बसून राहिल्या, पर्समधला शेंगदाण्याचा लाडू अर्धा खाऊन अर्धा मुलीला देत. नर्सने सहज पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाली, 'काकू, तुम्ही फार पांढऱ्या दिसताय.' हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? घरात कोणाला आठवेना. मामींनाही नाही. मामांची लिपिड प्रोफाईल, म्हणजे कोलेस्टेरॉलचे आकडे, घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. मामी त्या वयोगटातही नाहीत, म्हणजे त्यांना कोणी मोजलंच नाही.

पुरे झाली गंमत. सरळ सांगते.

लसूण खा, मेथ्या खा, चाला, काय हवं ते करा, फक्त चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाय सुजतात, कोरडा खोकला येतो, चक्कर येते? यायची शक्यता असते, तर मग जाऊन सांगा. बीपीच्या औषधांचे कितीतरी प्रकार आहेत, डॉक्टर बदलून देतात. डोस कमी करायचा असेल तर तेही तेच ठरवतील, देवळातल्या खुर्चीवरचे गृहस्थ नाहीत. गोळ्यांची नावं आणि किती मिलिग्रॅम ते एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवा, तिचा फोटो बायकोच्या आणि मुलांच्या फोनमध्ये टाका. पाच मिनिटांचं काम आहे. एवढे मोठे लोक तुम्ही, जीएसटीचं रिटर्न भरता, सातबारा काढता, ट्रेनचं तत्काळ तिकीट मिळवता, आणि स्वतःच्या गोळीचं नाव पाठ होत नाही? लाज नाही वाटत, की ती लक्षात ठेवायचं कामही बायकोचं?

आणि मामा, हे तुमच्या ग्रुपवर येणारच आहे. खाली हात जोडलेले टाकून मोकळे होऊ नका. रात्रीची गोळी मामींच्या समोर गिळा. उद्या सकाळी त्यांना रक्त तपासायला घेऊन जा, रिक्षा तुम्ही बोलवा, आणि त्यांचा रिपोर्ट आणायलाही तुम्हीच जा.