‘तीन दिवस खेळण्यांत घालवले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या सोलापूरच्या एआय वर्कशॉपला दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पहिले तीन दिवस टीचेबल मशीन आणि ऑरेंज (कोड न लिहिता मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, बनवायची साधनं) या ‘शाळकरी पोरांच्या खेळण्यांत’ गेले, पायथनमधलं कोडिंग उशिरा आलं, चॅटजीपीटी जेमतेम अर्धा दिवस होतं आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना मुलाखतीत याचा काही उपयोग नाही. फी भरून आलेल्या विद्यार्थ्याला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले तीन दिवस कोड नव्हता, हे खरं आहे. पुढच्या बॅचलाही नसेल.

त्याचं कारण तुमच्याच गटाच्या प्रोजेक्टमध्ये दिसलं होतं. डाळिंबाच्या पानावरचा तेल्या रोग ओळखणारं मॉडेल तुम्ही टीचेबल मशीनमध्ये केलंत. निरोगी पानांचे फोटो बागेत, झाडावरच काढलेले. तेल्याची पानं मात्र तोडून आणून पांढऱ्या कागदावर ठेवलेली. स्क्रीनवर सगळं बरोबर येत होतं. मग मी एक निरोगी पान त्याच कागदावर ठेवलं, तर मॉडेलने ठामपणे तेल्या सांगितला. नुसता कोरा कागद धरला, तरी तेल्याच! मॉडेल पानाकडे बघतच नव्हतं. फोटो काढणं, ट्रेनिंग देणं आणि तपासणं एकाच स्क्रीनवर होत असल्यामुळे ही गोष्ट तुमच्या तिथल्या तिथे लक्षात आली. हेच पहिल्या दिवशी पायथनमध्ये केलं असतं, तर अर्धा वर्ग लायब्ररी इन्स्टॉल करत बसला असता आणि उरलेला अ‍ॅक्युरसीचा आकडा बघून खूश झाला असता.

आणि हे फक्त शिकणाऱ्यांच्या बाबतीत होतं असं नाही. प्लँटव्हिलेज या 54 हजारांहून जास्त पानांच्या फोटोंच्या संचावर 2016 साली एक गाजलेला शोधनिबंध आला. त्याच संचातल्या, तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता 99 टक्क्यांच्या वर होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती 31 टक्क्यांच्या आसपास आली, आणि हे त्या लेखकांनी स्वतःच नोंदवलं. पुढे 2022 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात याच संचातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीचे फक्त 8 पिक्सेल मॉडेलला दिले. पान दाखवलंच नाही, तरी 49 टक्के उत्तरं बरोबर आली. पीक आणि रोग यांच्या 38 प्रकारांमध्ये नुसत्या अंदाजाने 3 टक्केही येत नाहीत. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरं डाळिंबाच्या बागेवर चालतात. अशा मॉडेलवर विसंबून कुणी फवारणी केली, तर पैसे त्या शेतकऱ्याचे जातील. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलाने असं अ‍ॅप बनवू नये, एवढ्यासाठी तीन दिवस मला जास्त वाटत नाहीत.

टीचेबल मशीन शाळेतली मुलंही वापरतात, बरोबर. पण इतक्या थोड्या फोटोंवर ते शिकतं कसं, हा प्रश्न शाळेतलं मूल विचारत नाही. तो तुम्ही विचारलात. आधीच लाखो फोटोंवर तयार झालेलं मोबाइलनेट नावाचं मॉडेल आत असतं आणि आपण फक्त शेवटचा भाग शिकवतो, हे त्याचं उत्तर. चौथ्या दिवशी कोलॅबवर (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची गूगलची सोय) केरास ही पायथनची लायब्ररी वापरून आपण तेच हाताने लिहिलं.

पाचव्या दिवशीचा देवनागरी हस्ताक्षरांचा प्रयोग तुमच्या अभिप्रायात आलेला नाही, तो इथे सांगते, कारण वाचणाऱ्यांना त्यातून आमची पद्धत कळेल. हाताने लिहिलेली अक्षरं ओळखणारं मॉडेल आपण ज्यावर शिकवलं, तो 92 हजार चित्रांचा संच नेपाळमध्ये तयार झालेला आहे. त्यात 36 व्यंजनं आणि 10 अंक आहेत, पण ‘ळ’ नाही. वर्गातल्या एका मुलीने ‘ळ’ काढून दिला आणि मॉडेलने भलतंच अक्षर ठासून सांगितलं. सगळ्या शक्यतांची बेरीज 1 करणं त्याला भाग असतं, ‘हे मला माहीत नाही’ म्हणायची सोयच त्याला दिलेली नसते. ही बेरीज 1 करणाऱ्या सूत्राला सॉफ्टमॅक्स म्हणतात. त्याची व्याख्या पाठ करून सांगणारे मुलाखतीत पुष्कळ भेटतात. ते फसतं कुठे, हे स्वतः पाहिलेला उमेदवार मात्र वेगळा उठून दिसतो.

चॅटजीपीटीचं म्हणाल, तर प्रॉम्प्ट कसे लिहायचे हे यूट्यूबवर फुकट आणि चांगलं मिळतं. त्यासाठी आठवड्याची फी घेणं मला पटत नाही. प्लेसमेंटची हमीही आम्ही कधी दिलेली नाही, जाहिरातीतसुद्धा नाही.

तुमचं तेल्याचं मॉडेल अर्धवट राहिलंय, आणि ते पूर्ण व्हावं असं मला मनापासून वाटतं. पुढच्या बॅचचे चौथा ते सहावा असे कोडिंगचे तीन दिवस तुम्ही येऊन बसा, फी लागणार नाही. येताना बागेतले नवे फोटो आणा: सकाळचे, दुपारचे, पावसानंतरच्या ओल्या पानांचे, आणि निरोगी-रोगट दोन्ही पानं झाडावरच असलेली. तपासणीचे फोटो दुसऱ्याच बागेतले असू द्या.

– वर्कशॉपच्या संचालिका, सोलापूर