पित्ताच्या गोळीला शिव्या देण्याआधी पट्टीवरचं 'डी' वाचा

'रोज सकाळी घेता ती पित्ताची गोळी नव्हे, सावकाश भिनणारं विष आहे' असा मेसेज पुन्हा फिरतोय. काल तो सासऱ्यांच्या फोनवर येऊन पोचला. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे, म्हणून गप्प बसणं शक्य नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पॅन्टोप्राझोलने किडन्या जातात, विसरभोळेपणा येतो, कॅन्सर होतो, म्हणून अमेरिकेत तिच्यावर बंदी आहे. ॲसिड कमी झाल्याने अन्न पोटात सडतं. तेव्हा गोळी आजच बंद करा आणि रोज उपाशीपोटी एक चमचा खायचा सोडा लिंबाच्या रसात घ्या.

सगळ्यात घातक शब्द 'आजच'. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. ॲस्पिरिनमुळे जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि तिथे जखम झालीच, तर या दोन गोळ्यांमुळे रक्त लवकर थांबत नाही. ते टाळायला पॅन्टोप्राझोल दिलेली असते. अशा माणसाला बऱ्याचदा जळजळ मुळात नसतेच, त्यामुळे ही गोळी उगाच चाललीय असं त्याला वाटतं. बंद केल्यावरही काही जाणवत नाही, आणि मग एक दिवस डांबरासारखी काळी शौचाला होते, म्हणजे आत रक्तस्राव झालेला असतो. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेले, गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेणारे वयस्कर, अन्ननलिकेला जखमा असलेले, यांनीही परस्पर बंद करायची नाही. बदलायचीही नाही. याच गटातल्या ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतात, त्याच्याशिवाय क्लोपिडोग्रेल नीट काम करत नाही. पॅन्टोप्राझोलचा तो त्रास बराच कमी, म्हणून डॉक्टरांनी नेमकी तीच निवडलेली असते.

बाकीच्यांना बंद करता येते, पण एका झटक्यात नाही. ॲसिड दाबलेलं असताना शरीर गॅस्ट्रिन हे ॲसिड बनवायला सांगणारं संप्रेरक वाढवत राहतं. गोळी थांबली की ॲसिड पूर्वीपेक्षा जास्त उसळतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जळजळीचा त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांपैकी काहींना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबवलं. पुढच्या महिनाभरात त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ किंवा आंबट ढेकर सुरू झाले. आधीपासून नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. 'सोडली की त्रास होतो, म्हणजे सवय लागली' म्हणतात ते बऱ्याचदा हेच. म्हणून डॉक्टरांना विचारून ४० मिलिग्रॅमवरून २० वर यायचं, दोनेक आठवड्यांनी दिवसाआड, मग लागेल तेव्हाच. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर पातळ अँटासिड किंवा फॅमोटिडिन ही ॲसिड कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी.

आता सोड्याबद्दल. सपाट एक चमचा खायच्या सोड्यात साधारण १,२५० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. म्हणजे मिठाचा एक कणही पोटात जाण्याआधी निम्म्याहून जास्त कोटा संपला. लिंबू घातल्यावर थोडा सोडा ग्लासातच फसफसून वाया जातो, सोडियम मात्र जसंच्या तसं राहतं. उरलेला सोडा पोटात गॅस करतो आणि अर्ध्या-एक तासाचा आराम देतो. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्याने रोज हे प्यायलं तर अंगावर सूज येऊ शकते आणि दम लागू शकतो. किडनीच्या काळजीने गोळी सोडायला लावणारा मेसेज किडनीच्या रुग्णाला सोडा पाजतोय!

बंदीची भानगड निराळ्या औषधाची आहे. ते रॅनिटिडिन, पित्ताचीच एक जुनी गोळी. त्यात एनडीएमए हा कॅन्सरकारक मानला जाणारा घटक तयार होत असल्याचं आढळल्यावर एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने ते बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडे २०२२मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतून गेलं. पॅन्टोप्राझोल अमेरिकेत आजही मिळते. आणि अन्न सडत नाही. पचनाचं मोठं काम लहान आतड्यात होतं, शिवाय ही गोळी ॲसिड पूर्ण बंद करतही नाही.

किडनी आणि विस्मरणाची भीती ज्या अभ्यासांवर उभी आहे, त्यांत गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी होते. कोणाला कोणती गोळी हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवून तपासलं ते कॉम्पास चाचणीत: १७,५९८ रुग्ण, अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल ४०, अर्ध्यांना खोटी गोळी, सुमारे तीन वर्षं. किडनीचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया, हाड मोडणं, कॅन्सर, कशातही ठळक फरक नाही. आतड्याचे संसर्ग मात्र १ टक्क्याऐवजी १.४ टक्के. पंधरा वर्षं घेणाऱ्यांबद्दल ही चाचणी काही सांगत नाही, हे मान्य. किडनीला अचानक इजा होण्याचा दुष्परिणामही खरा आहे, क्वचित होतो, आणि २०१९मध्ये भारतीय औषध नियंत्रकांनी तो माहितीपत्रकात छापायला सांगितलाय. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनही चालू असेल तर बी-१२ तपासून घ्याच.

एवढा आरडाओरडा करून मेसेज 'डी'बद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. मेडिकलमधून 'पित्ताची द्या' म्हणून बऱ्याचदा मिळते ती नुसती पॅन्टोप्राझोल नसतेच. नावामागे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर सोबत डोम्पेरिडोन आहे. डीएसआर कॅप्सूलमध्ये ते बहुधा ३० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारं. हे मळमळ-उलटीचं औषध. हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४मध्ये त्यावर मर्यादा घातली: १० मिलिग्रॅम, दिवसातून फार तर तीनदा, सर्वसाधारणपणे आठवड्याच्या वर नाही. धोका साठीपुढे जास्त, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सोबत असेल तर आणखी वाढतो. आणि आपल्याकडे आजोबा हीच कॅप्सूल दोन-दोन वर्षं घेतात. पट्टी उलटी करून वाचा. डोम्पेरिडोन दिसलं तर साधी पॅन्टोप्राझोल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

घ्यायची तर नीट घ्या. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर, न तोडता न चावता. औषध रक्तात दोन-तीन तासच नीटसं टिकतं आणि जठरातल्या, त्या वेळी काम करणाऱ्या ॲसिड-पंपांनाच (ॲसिड सोडणाऱ्या यंत्रणेला) कुलूप लावतं. ते पंप जागे होतात खाण्याने. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे रात्री अकराला मिसळ हाणून मग एक गोळी घेण्यात अर्थ नाही, तिथे अँटासिड.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर गोळी वाढवत बसू नका, एंडोस्कोपी लागेल. आणि छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर गोळीही नको आणि सोडाही नको. आधी ईसीजी.